अभ्यासिकेतल्या खुर्च्या, पांदण रस्ता आणि दोन दिवसांची कार्यशाळा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी महाविद्यालय, द्वितीय वर्षाची साठ मुलं-मुली, आणि प्राचार्यांचा आदेश की ‘ह्यूमन सेंटर्ड डिझाइन’ वापरून संघर्ष-व्यवस्थापनावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. तुम्ही पुण्याला प्रशिक्षण घेऊन आलात. स्लाइड्स आहेत, रंगीत चिठ्ठ्यांची पाकिटं आहेत. मागच्या महिन्यात अर्ध्या दिवसाची तालीम घेतली तर मुलं एकतर गप्प बसली, नाहीतर खिदळली, आणि शेवटी सगळ्या गटांनी एकच उपाय लिहिला: ‘दोघांनी समजुतीने घ्यावे.’ तुम्ही विचारता, मुलांना बोलतं कसं करायचं? आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या दत्तक गावात पांदण रस्त्याचा, म्हणजे वावरात जायच्या वाटेचा, वाद चालू आहे, तिथे मुलांना न्यावं का?

बोलतं करणं ही मला दुय्यम अडचण वाटते. खरं दुखणं त्या ‘समजुतीने घ्यावे’ मध्ये आहे. आपल्याकडची मुलं भांडण मिटवणं बघत मोठी झालीत. राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा तुमचे विद्यार्थी पाळण्यात असतील. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष त्यांच्या अगदी ओळखीचा: पळून आलेल्या जोडप्याचं लग्न लावून देतो, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात दोघांना ओट्यावर बसवतो, चहा पाजतो, कागदावर सही घेतो. पुष्कळ किरकोळ भांडणं या मोहिमेनं पोलीस ठाण्याच्या पायरीवरून परत आणली, हे मी नाकारत नाही. पण मुलांच्या मनात त्यातून एक चित्र पक्कं बसलं. भांडण ही लाजेची गोष्ट, ते जितकं लवकर मिटेल तितकं बरं, आणि मिटवणारा कोणीतरी तिसरा, वयानं मोठा. तुमच्या वर्गातला वयानं मोठा तिसरा माणूस म्हणजे तुम्ही. मुलं तुम्हाला ओट्यावर चालतं तेच उत्तर देतात.

म्हणून या दोन दिवसांत तुम्हाला करायचं काम एवढंच की उपायाकडे धावणारा मुलांचा पाय थोडा वेळ धरून ठेवायचा. डिझाइनची पद्धत या कामाला फार चांगली आहे. ती माणसाला आधी बघायला लावते, मग विचारायला, मग प्रश्न पुन्हा मांडायला, आणि शेवटी काहीतरी स्वस्तात करून पाहायला. भांडणाच्या बाबतीत तिचा दुसरा कुठलाही चमत्कार मी पाहिलेला नाही.

मी वर्ध्याला राहतो. आधी समाजकार्य शिकवत होतो, आता बारा-तेरा वर्षं वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांत या कार्यशाळा घेतो. पुढे लिहितो त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. साठ जण एका खोलीत असतील तर यातलं निम्मंच जमेल. तिसाच्या दोन तुकड्या करा. वसतिगृहातल्या मुलांची भांडणं वेगळी, एसटीनं येणाऱ्यांची वेगळी. आणि तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर काही विषयांना हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. कायम नोकरीतल्या माणसानं फीवाढीचा विषय काढणं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असलेल्यानं काढणं, यात फरक आहे. भित्रेपणाचा सल्ला वाटेल, पण मी असे दोन शिक्षक पाहिलेत ज्यांना पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

सगळ्यात आधी प्राचार्यांकडे जा आणि एक गोष्ट विचारून घ्या: मुलांनी शोधलेला बदल महाविद्यालयात कुठे करून पाहता येईल? अभ्यासिका, सायकल स्टँड, पिण्याच्या पाण्याची टाकी, स्नेहसंमेलनाच्या तालमीची खोली, काहीही चालेल. पण चार दिवस नियम बदलून बघायची मुभा असलेली एक तरी जागा हवी. ती मिळत नसेल तर कार्यशाळा घेऊ नका, सरळ व्याख्यान द्या. मुलांना काय वाटतं ते लिहून घ्यायचं, भिंतीवर चिकटवायचं, फोटो काढायचे आणि सोमवारी सगळं जैसे थे, हे एकदा झालं की ती मुलं पुढे कुठल्याच कार्यशाळेत तोंड उघडत नाहीत. तुमची मुलं गप्प बसली त्यामागे असं काही आधी घडून गेलंय का, तेही एकदा विचारून बघा.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या स्लाइडवरचं पहिलं सत्र नेमकं तेच आहे. सुरुवातीच्या काळात एका महाविद्यालयात मी सगळ्यांना सांगितलं, आपल्या आयुष्यातलं एक भांडण नाव न घालता चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या गोळा केल्या, सारख्या वाटल्या त्या एकत्र लावल्या, गटांना वाटल्या. एका गटाकडे आलेली चिठ्ठी होती: ‘एसटीत एक मुलगा रोज मागच्या सीटवर येऊन बसतो आणि त्रास देतो.’ गटानं मन लावून काम केलं. दोघांच्या बाजू मांडल्या. मुलाला काय हवं असेल याचाही विचार केला. आणि चार्ट पेपरवर उपाय आले: मुलीनं आधीच्या गाडीनं यावं, ड्रायव्हरच्या मागची जागा घ्यावी, सोबत मैत्रीण आणावी. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्याच. जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी दप्तर उचलून गेली ती दुसऱ्या दिवशी आली नाही. चिठ्ठी कोणाची होती ते मला तेव्हा कळलं.

एका छळाच्या तक्रारीला मी दोन बाजू असलेला प्रश्न बनवून टाकलं होतं. पद्धत अगदी नीट पाळून.

तेव्हापासून मी आधी चाळणी लावतो. लैंगिक छळ, रॅगिंग, जातीवरून अपमान, मारहाण, धमकी, यातलं काहीही निघालं तरी ते गटकामात जात नाही. त्यांची वाट वेगळी आहे: लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम, ज्यांनुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, रॅगिंगसाठी २००९ चे विनियम, जातीय अत्याचारासाठी १९८९ चा कायदा. समितीच्या अध्यक्ष मॅडमचं नाव आणि फोन नंबर पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि दोन्ही दिवस कोणाला पुसू देऊ नका. स्वतःचं भांडण लिहायला लावणं तर मी बंदच केलं. विषय मी आणतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा, कोणाची इज्जत पणाला न लागलेला.

यावर एक सहकारी मला म्हणाले होते, मग हे लुटुपुटूचंच झालं की. मला तसं वाटत नाही. खुर्चीच्या भांडणातही जात, पैसा, मुलगा-मुलगी हे सगळं असतंच. ते किती वर आणायचं हे फक्त मुलांच्या हातात राहतं.

खुर्चीचं नाव काढलंच आहे तर तेच उदाहरण सविस्तर सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं एक महाविद्यालय. अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या. पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर धावून तिथूनच सात वाजता अभ्यासिकेच्या दारात हजर. पदवीच्या मुली खेड्यांवरून एसटीनं साडेदहाला पोचणार. तोवर प्रत्येक खुर्चीवर पिशवी, नाहीतर डबा, नाहीतर चालू घडामोडींचं मासिक. रोजची वादावादी, एकदा तर कोणाची तरी पिशवी व्हरांड्यात जाऊन पडली. ‘जागा धरून ठेवू नये’ अशी सूचना ग्रंथपालांनी लावली, दुसऱ्या दिवशी त्या कागदाचं विमान झालं.

वर्गात विचारलं तर दोन्ही बाजू तयार होत्या. मुली म्हणाल्या, ‘सर, हे पोट्टे जागा धरतात अन् दिवसभर टपरीवर बसतात.’ मुलं म्हणाली, ‘आमी पहाटी चार वाजता उठतो, त्याईले का मालूम?’ उपायही तयार. मुलींचा: अर्ध्या खुर्च्या आम्हाला राखून ठेवा. मुलांचा: जो आधी येईल त्याची जागा. इथे बहुतेक जण मतदान घेतात किंवा वीस-वीस करून मोकळे होतात. मी म्हटलं, आपापला उपाय कागदावर लिहा, घडी घाला, वर नाव टाका आणि माझ्याकडे द्या. पुढच्या सोमवारी परत देतो. तीसएक घड्या शर्टाच्या खिशात घालून मी दोन दिवस हिंडलो.

मग कामाला लावलं. चार-चार जणांचे गट, प्रत्येकात दोन्हीकडची मुलं. दर अर्ध्या तासानं एका गटानं अभ्यासिकेत जाऊन नुसतं मोजायचं: किती खुर्च्यांवर माणूस, किती खुर्च्यांवर सामान, किती रिकाम्या. बोलायचं नाही, समजावायचं नाही. साडेअकराची मोजणी आली: माणसं पंधरा, सामान एकोणीस, रिकाम्या सहा. सहा रिकाम्या कशा? जागेवरून रोज भांडणारी ही मुलं, पण कोणालाच सांगता येईना. परत जाऊन बघितलं तर त्या सहांच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून.

दुसरी फेरी विचारण्याची. ‘तुला काय अडचण आहे?’ असं विचारायला मी बंदी घालतो, कारण आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं. आणि फार आग्रह केला तर ‘सरकारनं लक्ष द्यायला पाहिजे’. विचारायचं ते असं: ‘आज उठल्यापासून आतापर्यंत काय काय केलं, सांग.’ एका मुलीनं भरतीवाल्या मुलाचा दिवस वहीत लिहून आणला. चारला उठला. सायकलनं मैदान. धावणं, गोळाफेक. नळावर आंघोळ. सातला अभ्यासिका. नऊला भूक लागली म्हणून टपरीवर आलूपोंगा. ओले कपडे, बूट, डबा आणि पुस्तकं कुठे ठेवणार, म्हणून पिशवी खुर्चीवर. या शेवटच्या ओळीखाली तिनं स्वतःहून रेघ मारली होती. त्या वेळेपुरती ती खुर्ची म्हणजे त्याचं कपाट होतं.

तिकडे एका मुलानं मुलीचा दिवस लिहून आणला. साडेदहाला पोचते, पावणेचारची गाडी. ती चुकली तर पुढची साडेसहाला, आणि घरी बोलणी. मध्ये तीन तास वर्ग. म्हणजे तिला खुर्ची लागते ती अकरा ते साडेतीनच्या दरम्यान, तीही तुटक तुटक. सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचला तिच्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर धूळच बसणार, आणि ती धूळ बघून भरतीवाली मुलं चिडणार. मुलींचा राखीव जागांचा उपाय मुलानं असा मोडीत काढला, पण मुलीच्याच बाजूनं बोलून. वर्ग तेव्हा पहिल्यांदा शांत झाला. एरवी गटकामात चालणारी खिदळ थांबली ती इथे. भूमिका वठवायला लावलं की मुलं हसतात. समोरच्याचा खरा दिवस वाचून दाखवायला लावलं की हसत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

यानंतर मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषीनं १९२५ मध्ये ती मांडली. त्या हार्वर्डच्या ग्रंथालयात एका छोट्या खोलीत बसल्या होत्या. कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती, यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्या माणसाला हवा मिळाली आणि यांच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला. फॉलेटबाईंचं म्हणणं, ही तडजोड नव्हे, कारण कोणालाच काही सोडावं लागलं नाही. खिडकी अर्धी उघडली असती तर ती तडजोड. मागणी वेगळी आणि तिच्या मागची गरज वेगळी, हे व्याख्येपेक्षा या खिडकीतून लवकर कळतं. मात्र गोष्ट मोजणी झाल्यावरच सांगा. आधी सांगितलीत तर मुलं ‘शेजारची खिडकी’ शोधत सुटतात, म्हणजे पुन्हा तीच घाई.

मग करून पाहणं. ‘प्रोटोटाइप’ म्हटलं की मुलं थर्माकोल आणतात, म्हणून मी ‘चार दिवस करून पाहू’ एवढंच म्हणतो. मुलांनी मोडके बाक आडवे टाकून व्हरांड्यात पिशव्यांची मांडणी केली, खडूनं नंबर घातले. पहिल्याच दिवशी फसली, एकानंही पिशवी ठेवली नाही. ‘तिथून पुस्तक गेलं तं कोन भरून देईन?’ प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी तेच बाक उचलून आत ग्रंथपालांच्या टेबलासमोर आणले, आणि पिशव्या आल्या. आता ग्रंथपाल बिथरले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. वरून ‘आता मी हमालाचं काम करू का?’ दोन मुलं जाऊन त्यांचाही दिवस लिहून घेऊन आली, तेव्हा कुठे ते मऊ झाले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी नियम काढला की उठताना खुर्चीवर वेळेची चिठ्ठी ठेवायची, अर्ध्या तासानं जागा मोकळी. चिठ्ठ्यांवर खोट्या वेळा पडायला लागल्या. तो नियम मुलांनीच चौथ्या दिवशी काढून टाकला, कारण सामान हलल्यावर त्याची गरजच उरली नव्हती. पंखा दुरुस्त झाला, सहा खुर्च्या आपोआप वाढल्या. सोमवारी मी घड्या परत दिल्या. आपापला पहिला उपाय वाचून कोणी हसलं, कोणी कागद पटकन खिशात घातला. त्यावर मी काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका.

ही उपाय बाजूला ठेवण्याची युक्ती माझी नाही म्हणा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं हे गाव. तिथली ग्रामसभा बहुमतावर जात नाही, सर्वसहमतीनं ठरवते. आणि चर्चेसाठी अभ्यासगट वेगळा बसतो: तिथे माहिती, वाद, शंका, बाहेरचा जाणकारही. निर्णय मात्र ग्रामसभेचा. बोललेलं लगेच निर्णय म्हणून गळ्यात पडणार नाही, हे माहीत असलं की माणूस मोकळं बोलतो. एकदा सहलीच्या निमित्तानं मुलांना तिथे नेऊन आणा, शक्य असेल तर.

आता पांदणीचा वाद. न्यायला हरकत नाही, पण काही अटींवर. दोन्ही पक्ष राजी असावेत, पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात प्रकरण नसावं, ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर नसावी, आणि मुलं समजून घ्यायला आली आहेत, मिटवायला नाहीत, हे तुम्ही सरपंचांसमोर मोठ्यानं सांगावं. आर्णीकडच्या एका गावात आम्ही असं केलं होतं. धुऱ्याला धुरा लागून दोन कास्तकार. मागच्याला वावरात बंडी (बैलगाडी) न्यायची तर पुढच्याच्या वावरातून जावं लागे, आणि पुढच्यानं वाटेवर बोराटीच्या फांद्या टाकून ठेवलेल्या. मुलांचं मत पाच मिनिटांत झालं: पुढचा माणूस आडमुठा.

आम्ही त्यांना दोरी दिली आणि वाट मोजायला लावली. मग मागच्या कास्तकाराकडून त्याचं वर्ष ऐकून जुन्या कॅलेंडरवर खुणा केल्या. पेरणी, खताच्या गोण्या, सोयाबीनची सोंगणी, कापूस घरी आणणं. बंडी किंवा ट्रॅक्टर लागेल असे दिवस मोजले तर वर्षाकाठी पंचवीस-सव्वीसच निघाले. बाकीचे दिवस तो धुऱ्याधुऱ्यानं पायी जातो, आणि त्याला पुढच्याची कधी ना नव्हतीच. हे दोघांनाही नवीन होतं! मग पुढचा एवढा का अडून बसला? तो स्वतः काही बोलला नाही. त्याच्या घरी चहा करता करता बायको दोन मुलींना म्हणाली, ‘बंडीनं का होते माय? पन उद्या ते सातबाऱ्यावर चढलं तं?’

तिची भीती अगदीच हवेतली नव्हती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याविना आणि हक्क म्हणून वहिवाट केली तर वाटेचा हक्क तयार होऊ शकतो. पण परवानगी घेऊन केलेली वहिवाट त्यात धरली जात नाही. म्हणजे दरवर्षी ‘या तारखांना बंडी न्यायला माझी परवानगी आहे’ एवढा कागद असला की पुढच्याची धास्ती कमी होते. मुलांना हे कळल्यावर इतका आनंद झाला की तिथल्या तिथे स्टॅम्प पेपर आणायला निघाली. तिथे त्यांना अडवलं. कारण मागच्या कास्तकारालाही कायद्यानं हक्क दिलेत. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, आणि वावरात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. आपण लिहून दिलेल्या गोड कागदानं त्याचाच दावा कमजोर झाला तर? मुलांनी दोघांना खुणा केलेलं कॅलेंडर दिलं, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता दिला आणि परत आली. त्या खरिपात वाट उघडी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा काटे पडले, कारण मधल्या काळात पुढचं वावर वाटणीत धाकट्या भावाकडे गेलं आणि या सगळ्या उद्योगात त्याला कोणी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट मी आता मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, शेवटासकट.

तुमच्या स्लाइड्समध्ये थॉमस आणि किलमन यांच्या १९७४ च्या, भांडण हाताळण्याच्या पाच रीती आहेत: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, जुळवून घेणं. ती स्लाइड राहू द्या. पण प्रश्नावली भरून घेऊन कोण कुठल्या खान्यात बसतो ते जाहीर करू नका. आपल्या मुली हमखास ‘टाळणं’ मध्ये निघतात आणि वर्ग त्यांना भित्र्या ठरवून मोकळा होतो. मालकाच्या वावरात मजुरीला जाणारी, एसटीत उभ्यानं येणारी, घरी लग्नाचा विषय टाळून शिकणारी पोरगी गप्प बसते तेव्हा तिनं मनात हिशेब केलेला असतो. त्यापेक्षा ‘टाळणं केव्हा शहाणपणाचं असतं?’ या प्रश्नाला अर्धा तास द्या. बोलतं कसं करायचं, याचं मला सापडलेलं सगळ्यात खात्रीचं उत्तर हा अर्धा तास आहे. आणि बोलताना वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, जी येईल ती चालेल, हे तुम्ही स्वतः वऱ्हाडीत बोलून दाखवा. प्रमाण भाषेत मुलं निबंध लिहितात, भांडण सांगत नाहीत.

दोन दिवसांचं गणित असं बसतं. पहिल्या दिवशी सकाळी तक्रार समितीची माहिती, विषय, उपायांच्या घड्या; मग मोजणी आणि टाळण्यावरची चर्चा. दुसऱ्या दिवशी एकमेकांचे दिवस लिहिणं-वाचणं, खिडकीची गोष्ट, प्रश्न नव्यानं मांडणं, करून पाहायचं काय ते ठरवणं. त्यानंतरचे चार दिवस रोजचे वर्ग सांभाळून प्रयोग, आणि पुढच्या सोमवारी एक तास. हा शेवटचा तास प्राचार्यांकडून आधीच मागून घ्या, नंतर मिळत नाही. गुण द्यायचे असतील तर भांडण मिटलं का यावर देऊ नका; नाहीतर मुलं खोटं मिटवून दाखवतील. वही तपासा. पहिल्या दिवशी लिहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी किती बदलला, आणि कशामुळे बदलला ते लिहिलंय का, एवढंच बघा.

सामानाचं म्हणाल तर रंगीत चिठ्ठ्या पंख्याखाली उडतात आणि महागही पडतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, मागच्या वर्षीची कॅलेंडरं, खडू आणि सुतळी एवढ्यात माझं भागतं. दिवस निवडताना सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी टाळा, निम्मा वर्ग मजुरीला गेलेला असतो. संक्रांत झाल्यावर आणि परीक्षांच्या आधी बरं पडतं. आणि तारखा ठरवण्याआधी बसस्टँडवर जाऊन गावोगावच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा. मुलींची गाडी साडेतीनची असेल तर तुमची कार्यशाळा तीनला संपते, वेळापत्रकात पाच लिहिलेलं असलं तरी.